रात्र चुकवलेला कळक

कळक मोजतो, हे सिद्ध करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. तो काय मोजतो हे कळले, तेव्हा मला जो आनंद झाला तो पुढे फार टिकला नाही. पण तो भाग नंतर येईल.

कळक म्हणजे सह्याद्रीतला काटेरी बांबू. तो आयुष्यभर फुलत नाही. मग एका हिवाळ्यात अख्खा डोंगर एकदम फुलतो, बी धरतो आणि मरतो. त्या डोंगरातले एखादे रोप कुणी दूरच्या जिल्ह्यात नेऊन लावले असेल, तर तेही त्याच सुमारास फुलते आणि मरते. अर्थात घड्याळ डोंगरात नाही, रोपाच्या आत आहे. वनस्पतीला पंचांग वाचता येत नाही, म्हणून ती वर्षे मोजत असेल हे मला कधी पटले नाही. तिच्यापर्यंत पोचते अशी एखादी ठोस गोष्टच ती मोजत असणार.

ती गोष्ट म्हणजे झोका. दिवसाचे सर्वांत जास्त आणि रात्रीचे सर्वांत कमी तापमान यांतल्या फरकाला आमच्या कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत आम्ही झोका म्हणत असू. त्याचा वनस्पतींच्या वाढीशी असलेला संबंध जुना आहे. झाड दिवसा साखर तयार करते आणि रात्री ती खर्च करते. रात्र गार असेल तर खर्च बेताचा होतो आणि दिवस-रात्रीतल्या फरकाच्या प्रमाणात पेरे लांब वाढतात. रात्रही दिवसाइतकीच उबदार ठेवली, तर साखर श्वासातच जळते आणि पेरे आखूड राहतात. कुंडीतली फुलझाडे बुटकी ठेवण्यासाठी काचघरांतले माळी हे कित्येक वर्षे करत आले आहेत.

आम्हाला सापडले ते याच्या पुढचे होते. कळकाची काठी काही वर्षांत वाळते, पण जमिनीतला गड्डा जगत राहतो. त्या गड्ड्यातल्या कोंबांच्या पेशींत गुणसूत्राचा एक तुकडा आहे. मोठा झोका आला की तो रिळावरच्या दोऱ्यासारखा एक वेढा घट्ट होतो. गव्हालाही हिवाळा असाच लक्षात राहतो, पण गहू तो पुढच्या पिढीत विसरतो. कळक फुलेपर्यंत काहीच विसरत नाही. वेढे पूर्ण झाले की फुलोऱ्याचे कुलूप उघडते.

पूर्वी पावसाळ्यातले चार महिने ढगांची गोधडी पांघरलेली असे. दिवस तापत नसे, रात्र निवत नसे, झोका लहान राही आणि कळकाची मोजणी थांबे. त्यामुळे दर वर्षी साधारण तेवढेच वेढे पडत आणि म्हाताऱ्या माणसांचा वर्षांचा हिशेब बरोबर येई. मग पावसाळ्यात मोठमोठे खंड पडू लागले. श्रावणात आकाश निरभ्र, दुपारी ऊन रणरणते आणि पहाटे अंगावर घ्यावे लागते. कळक श्रावणातही मोजू लागला. आमच्या गणिताप्रमाणे आजरा तालुक्यातल्या मुरडेवाडीचा डोंगर २०३९ च्या हिवाळ्यात फुलणार होता. म्हाताऱ्यांच्या हिशेबात त्याला अजून बराच अवकाश होता.

मुरडेवाडी माझे गाव. घराच्या परसात कळकाचे एक बेट होते. डोंगर मागच्या खेपेला फुलून मेला, त्यानंतर उगवलेल्या रोपांतलेच एक आणून लावलेले. ते आबांनी लावले, असे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो.

आबा म्हणजे माझे वडील, रवळू केसरकर. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. आंबोलीचा घाट त्यांनी धुक्यात इतक्या वेळा उतरवला होता, की देवाचे नाव घेण्याची गरज त्यांना फक्त ब्रेकच्या बाबतीत वाटे, असे ते स्वतः सांगत. आमच्या भागात मात्र एक समजूत आहे. ज्याने कळक लावला, तो कळक फुलला की जातो. म्हणून रोप लावायचे ते घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाने. तरण्या माणसाने खड्डा खणावा, पाणी घालावे, पण रोपाला हात लावू नये. लावलेले रोप उपटायचेही नाही. उपटणे आणि फुलणे सारखेच. या समजुतीवर मी गावच्या शाळेत एक व्याख्यान दिले होते. म्हातारी माणसे लावतात, पन्नासेक वर्षांनी कळक फुलतो, तोवर ती जिवंत कशी असतील, असा साधा मुद्दा होता. पुढच्या रांगेत बसून आबांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या वर्षी गौरी-गणपतीला गेलो असताना जेवताना मी सहज म्हणालो, की येत्या थंडीत डोंगर फुलणार. गौरा आत्या वाढत होती. आबांची ही धाकटी बहीण, लग्नानंतर दोनच वर्षांत माहेरी परतलेली. तिचा हात भांड्यातच राहिला.

"आपलं बेट पन?" आबांनी विचारले.

एकाच पिढीतले आहे, तेव्हा तेही फुलेल, असे मी सांगितले. ताटातला भात तसाच ठेवून आबा हात धुवायला उठले.

त्यानंतरच्या महिन्यात आबा वाळत गेले. डॉक्टरांना काही सापडले नाही. फोनवर मात्र ते रोज भेटू लागले, आणि बोलणे असे, की मला कंटाळा यावा. जेवलास का, गाडी हळू चालव, घाटातून रात्रीचा येऊ नको. एकदा त्यांनी हट्टच धरला, की मी छातीची तपासणी करून घ्यावी. मी त्यांना खराब दिसलो होतो म्हणे. त्यांचे मन राखायला मी ती करून घेतली. अहवाल निर्दोष होता. तो त्यांनी फोनवर दोनदा वाचून घेतला. स्वतःच्या मरणाची भीती बापाला उघड बोलता येत नाही, म्हणून तो ती मुलावर काढतो, असा अर्थ मी लावला. अर्थ सुसंगत होता आणि उपलब्ध पुराव्याशी जुळतही होता.

भीतीने माणूस खंगतो, यात गूढ काही नाही. वाद घालून ती जाणार नव्हती; व्याख्यानाला टाळ्या वाजवणाऱ्याशी वाद कसा घालणार? एक गोष्ट मात्र माझ्या हातात होती. बेट फुलूच द्यायचे नाही.

माझी बायको मुक्ता कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. बेत ऐकून ती म्हणाली, "अंधश्रद्धेला हीटर लावणारा तू पहिलाच."

तुलनेसाठी न फुललेले एक बेट हवेच आहे, असे मी म्हणालो. बेट हवे आहे की आबा, असे तिने विचारले. दोन्ही, मी म्हणालो. मग पेपरात दोन्ही लिही, असे म्हणून ती उत्तरपत्रिकांकडे वळली.

दसऱ्यानंतर आम्ही काम उरकले. गड्ड्याभोवतीच्या मातीत विजेवर तापणाऱ्या तारा पुरल्या, बुंध्याला माणसाच्या उंचीचा जाड कापडी घेर बांधला, घरच्या विजेच्या जोडीला गोठ्याच्या छपरावर सौर पत्रे आणि खाली बॅटरी बसवली. सूर्य कलला आणि पारा उतरू लागला की तारा जाग्या होत आणि सूर्योदयापर्यंत माती दुपारइतकीच उबदार ठेवत. वर काठ्यांच्या शेंड्यांना रात्र होत होती. मोजणारा गड्डा मात्र रात्रीशिवाय राहू लागला.

आबांनी दिवसभर दोऱ्या धरल्या, काट्यांनी हात सोलून घेतले आणि तक्रार केली नाही. शेवटी म्हणाले, "लाइट गेली तर?"

बॅटरी आहे, मी म्हणालो. बॅटरी गेली तर, त्यांनी विचारले. एखाद्या रात्रीने काही होत नाही, मी म्हणालो. मग कितींनी होते? त्यावर खरे सांगणे भाग होते. आमच्या अंदाजाने मोजके झोके उरले होते आणि अंदाजातली चूक त्या आकड्याहून मोठी होती.

"म्हंजे एक बी चालायचा न्हाई," आबा म्हणाले.

गणिताच्या दृष्टीने ते बरोबर होते.

डोंगर ठरल्याप्रमाणे फुलला. फुलला म्हणताना जे डोळ्यांपुढे येते, त्यातले तिथे काही नव्हते. पाने गळाली आणि प्रत्येक काठी टोकापासून मुळापर्यंत राखाडी-पिवळ्या तुऱ्यांची झाली. वास नाही, रंग नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी बी झडू लागले, तेव्हा रात्रंदिवस कुणी सुपात धान्य पाखडत असल्यासारखा आवाज गावापर्यंत येई. मग उंदीर आले. मग काठ्या वाळल्या आणि वारा सुटला की सबंध डोंगर हाडे वाजवल्यासारखा वाजू लागला.

आमच्या परसातले बेट हिरवे राहिले.

गावातले लोक कुंपणाबाहेर उभे राहत, बघत आणि जात. थंडीच्या दिवसांत घेराच्या आतल्या उबेला एक नाग येऊन राहिला. सरपटणारे प्राणी ऊब शोधतात, हे मी दोघातिघांना समजावून सांगितले. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी नारळ होता.

पावसाळ्यात नवे कोंब फुटले. एरवी कळकाचा कोंब पावसात बघता बघता घराच्या वर जातो. हे कोंब कमरेएवढ्या उंचीवर थांबले. पेरे बोटाच्या कांड्याएवढी, मनगटाहून जाड, एकमेकांना चिकटलेली, काळपट हिरवी. झोका नसला की पेरे आखूड राहतात. मीच शिकवलेला नियम. तरीही त्या बुटक्या, दाट काठ्यांच्या गर्दीत उभे राहिले की वाटे, हे वाढलेले नाही. हे काहीतरी थांबून राहिले आहे. वाऱ्यात मेलेला डोंगर वाजे. बेटातून आवाज येत नसे. हात लावला तर बुंधा ताप उतरत नसलेल्या माणसाच्या कपाळासारखा लागे.

आबा सुधारले होते. जेवू लागले, बाजाराला जाऊ लागले. माझा उपाय लागू पडला होता, आणि त्याचे समाधान मी लपवले नाही. त्यांचे फोन मात्र थांबले नाहीत. जेवलास का, गाडी हळू चालव.

दुसऱ्या हिवाळ्यात डोंगरातले बी संपले आणि भुकेले उंदीर घराकडे उतरले. जानेवारीतल्या एका सकाळी मी कोल्हापुरात फोनवर बेटाचा आलेख उघडला. पहाटे मातीचे तापमान झरझर उतरू लागले होते. पण झोका पूर्ण होण्याआधीच रेषा अडखळली, वर आली, पुन्हा उतरली, पुन्हा वर आली. तारा अशा वागत नाहीत. रेषेला कुणाचा तरी हात लागलेला दिसत होता. मी तसाच निघालो.

रात्री लाइट गेली होती आणि उंदरांनी बॅटरीची वायर कुरतडली होती. घेराच्या आत बुंध्याभोवती घरातल्या सगळ्या वाकळी गुंडाळलेल्या होत्या. मातीवर चुलीतल्या राखेची घमेली आणि गरम पाण्याचे हंडे मांडलेले होते. आत्या आणि आबा पहाटेपासून चूल ते बेट अशा खेपा घालत होते. आबांच्या अंगात नुसता भिजलेला सदरा होता. स्वेटर त्यांनी एका कोंबाला घातला होता.

"उतरू दिलं न्हाई," ते म्हणाले आणि खोकू लागले.

मी संतापलो. एका झोक्याने काही झाले नसते, असे काहीसे ओरडलो. आबा हसले. घाट नुसता नकाशात पाहिलेल्याला ड्रायव्हर हसतो, तसे.

थंडीने न्यूमोनिया होत नाही, जंतूंनी होतो. तरी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ओल्या अंगाने पहाट काढल्यावर जंतूंचे काम सोपे होते. गडहिंग्लजच्या दवाखान्यात आबा आठवडाभर होते. शेवटच्या दिवशी त्यांनी बेटाचे विचारले. हिरवे आहे, मी म्हणालो. मग त्यांनी मी जेवलो का ते विचारले. मी खोटेच हो म्हणालो.

देह घरी आणला, तेव्हा माझ्या डोक्यात एक विचार आला, आणि तो आल्याबद्दल मला फार वाईटही वाटले नाही. लावणारा गेला आणि कळक फुललेला नव्हता. समजूत एका निरीक्षणात खोटी ठरली होती. आता तारा बंद करायच्या, बेटाला रात्र द्यायची, उरलेले झोके पुरे होऊ द्यायचे आणि ते फुलताना मोजून घ्यायचे. प्रयोगाचा तो उरलेला अर्धा भाग होता.

तिरडीसाठी हिरवा कळक लागतो. डोंगरात हिरवी काठी उरली नव्हती. भावकीतले दोघे कोयते घेऊन परसात गेले. बिचकत होते, म्हणून मीच पुढे झालो आणि दोन जुन्या, सरळ काठ्या दाखवल्या. आतून गौरा आत्या आली. रडून तिचा आवाज बसला होता. ती काठ्यांच्या आणि कोयत्यांच्या मध्ये उभी राहिली.

"ह्या बेटाची काठी लागायची न्हाई."

आबांनीच लावलेले बेट आहे, त्यांना त्याच्याच काठ्या मिळाल्या तर बिघडले कुठे, असे मी तिला हळू आवाजात समजावू लागलो.

"त्यानं न्हाई लावलं," आत्या म्हणाली. "निवरू, तू लावलंस."

कोयतेवाले मागे सरले. आत्या माझ्याकडे बघत नव्हती, बेटाकडे बघत होती.

"चार वर्सांचा व्हतास. खड्डा तुझ्या आज्ज्यासाठी खनलेला. म्हातारा चूळ भरून येतो म्हनला, तवर तू रोप खड्ड्यात हुबं केलंस, पायानं माती दाबलीस आन टाळ्या पिटत घरात आलास, मी झाड लावलं म्हनत. उपटायला बी येईना. तुझ्या बानं समद्यांना पुढ्यात बसवलं आन सांगितलं, हे मी लावलंय. आजपास्नं ह्या घरात दुसरं कायबी बोलायचं न्हाई." तिने पदराने तोंड पुसले. "माझा भाऊ पोराच्या हातच्या कळकावर जायचा न्हाई. दुसरीकडनं आना."

काठ्या शेजारच्या तालुक्यातून, मोटारसायकलला बांधून आणल्या. तोवर मी ओट्यावर बसून राहिलो. छातीची तपासणी. घाट. दोनदा वाचून घेतलेला अहवाल. माझा अर्थ सुसंगत होता, पुराव्याशी जुळत होता आणि चूक होता. आबा स्वतःसाठी एक दिवसही घाबरले नव्हते. आणि समजूत खोटी ठरली, असे मी ज्यावरून म्हणालो होतो, ते निरीक्षणच उरले नव्हते. लावणारा जिवंत होता.

तेराव्याच्या दिवशी मी परसात गेलो. डोंगर वाजत होता. गोठ्यातल्या खांबाला तारांचे बटण आहे. ते बंद करणे योग्य होते, याविषयी माझ्या मनात तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. लहान मुलाच्या पायाखालची माती आणि पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाचे हृदय यांना जोडणारी कोणतीही यंत्रणा मला माहीत नाही. ती असू शकत नाही, याची कारणे मी तासभर सांगू शकेन. मी बटणापाशी उभा राहिलो. मग वायरला उंदीर लागू नयेत म्हणून लोखंडी नळी किती लागेल ते मोजले, आणि कोल्हापूरला परतताना दुसऱ्या बॅटरीची ऑर्डर दिली.

आता तीन बॅटऱ्या आहेत. बेटाच्या मधोमध जागा उरलेली नाही. दर पावसाळ्यात तेच कमरेएवढे, काळपट कोंब येतात आणि एकमेकांना रेटत थांबतात. उरलेल्या झोक्यांचा माझा अंदाज मी पुन्हा करून पाहिला आहे. त्रुटीच्या मर्यादेत अजूनही शून्य येते.

माझा शोधनिबंध तपासणाऱ्या तज्ज्ञाने एकच आक्षेप घेतला: नियंत्रित बेट नैसर्गिक तापमानात परत सोडून फुलोरा का नोंदवला नाही? त्याशिवाय निष्कर्ष अपुरा राहतो. आक्षेप रास्त आहे. उत्तरात मी 'तांत्रिक कारणांमुळे' असे लिहिले. मुक्ता माझा प्रत्येक मसुदा तपासते आणि असा मोघम शब्द दिसला की खोडते. हा मसुदा तिने वाचला, त्या ओळीपाशी पेन्सिल थांबली, आणि ती पुढच्या ओळीवर गेली.

काल संध्याकाळी पाऱ्याने मान टाकली. खिडकी लावता लावता मुक्ताने पाठमोरे राहूनच विचारले, "मुरडेवाडीत लाइट आहे ना?"

मी आत्याला फोन लावला.

"हाय की," आत्या म्हणाली. "तू जेवलास काय?"